चेंबरच्या तळाची जाळी

मोटारीच्या इंजिनातले ऑइल खाली चेंबरमध्ये साठलेले असते आणि तिथून पंप ते ओढून घेतो. पंपाची ओढनळी चेंबरच्या तळापासून जेमतेम बोटाच्या जाडीइतक्या उंचीवर संपते आणि तिच्या तोंडावर तारेची जाळी बसवलेली असते. हीच ऑइल स्ट्रेनर. क्रँकशाफ्टची बेअरिंगे, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, वर हेडमधला कॅमशाफ्ट आणि रॉकर यांच्याकडे जाणारे सगळे ऑइल आधी या एकाच जाळीतून जाते. इंजिनाच्या बाहेर आट्यांवर बसणारा डबा म्हणजे ऑइल फिल्टर. तो दर सर्व्हिसला बदलला जातो, त्यामुळे मालकाला माहीत असतो. जाळी मात्र बिलावर कधी दिसत नाही आणि बहुतेक गाड्यांत ती जन्मभर कोणाच्या नजरेला पडत नाही.

जाळी हातात घेणाऱ्याला पहिल्यांदा आश्चर्य वाटते ते तिच्या जाड विणीचे. छिद्रे साधारण अर्धा ते एक मिलिमीटरची असतात. बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांच्यामधली फट मात्र मिलिमीटरच्या तीन ते सहा शतांश भागांएवढी, म्हणजे केसाच्या जाडीहूनही थोडी कमी असते. त्या फटीच्या दसपट मोठा कण जाळीतून खुशाल निसटू शकतो. मग असल्या जाळीचा उपयोग काय, असा प्रश्न पडतो.

त्याचे उत्तर पंपाच्या दोन बाजूंमध्ये आहे. पंप ऑइलला पुढे रेटतो तेव्हा तो दर चौरस सेंटिमीटरला तीन-चार किलोचा दाब सहज देतो आणि त्या जोरावर ऑइल फिल्टरच्या दाट कागदातूनही पार होते. ओढण्याच्या बाजूला हा जोर मिळत नाही. खरे तर पंप ऑइल ओढत नाही. तो नळीत पोकळी करतो आणि चेंबरमधल्या ऑइलवर असलेला हवेचा दाब ते नळीत ढकलतो. हा दाब एका किलोच्या आसपास असतो, त्याहून जास्त काही केल्या मिळत नाही. थंडीच्या पहाटे ऑइल घट्ट झालेले असते, तेव्हा तेवढा दाबही अपुरा पडू लागतो. शहाळ्यात नळी घालून ओढताना मलईचा तुकडा नळीच्या तोंडाशी बसला की गाल कितीही आत घेतले तरी पाणी येत नाही. तसेच इथे होते. म्हणून ओढण्याच्या बाजूला जाड जाळी आणि रेटण्याच्या बाजूला बारीक फिल्टर अशी कामाची वाटणी करावी लागते. पंपाच्या दात्यांत अडकून तो फोडतील असे मोठे तुकडे अडवणे एवढेच जाळीचे काम. बारीक कण फिल्टरने पकडायचे.

फिल्टरमध्ये एक झडपही असते. फिल्टर तुंबला किंवा ऑइल फार घट्ट असले तर ती उघडते आणि न गाळलेले ऑइल थेट बेअरिंगांकडे जाऊ देते. अस्वच्छ ऑइल वाईट खरे, पण ऑइलच नसणे त्याहून फार वाईट, हा त्यामागचा हिशेब. त्या वेळी संपूर्ण इंजिनाला जाळीखेरीज दुसरा पहारा उरत नाही. जाळीला मात्र बहुतेक इंजिनांत अशी सुटकेची वाट नसते. ती तुंबली की सारे इंजिन कोरडे पडते.

जाळी कशाने तुंबते

धातूच्या कणांनी जाळी तुंबणे क्वचितच घडते, कारण असे कण एक तर तळाशी बसतात किंवा छिद्रांतून निघून जातात. जाळीचा खरा शत्रू गाळ. ऑइल सतत तापत राहिले की हवेतल्या प्राणवायूने त्याचे ऑक्सिडेशन होते. पिस्टनच्या रिंगांच्या कडेने निसटलेला जळका वायू चेंबरमध्ये उतरतो आणि काजळी, न जळलेले पेट्रोल व पाण्याची वाफ सोबत आणतो. इंजिन नीट तापले तर वाफ आणि पेट्रोल उडून जातात. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे ऑइल तेवढे तापतच नाही. पाणी आत राहते, ऑइलमध्ये घोटले जाते आणि पावसाळ्यात ऑइलच्या टोपणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरी साय धरलेली दिसते. ही साय, काजळी आणि बिघडलेले ऑइल मिळून जो काळा, डांबरासारखा लगदा होतो, तो जाळीच्या विणीत बसतो.

रोज दोनशे किलोमीटर धावणारी टॅक्सी आणि वर्षाला दोन हजार किलोमीटर जेमतेम चालणारी घरची गाडी यांत जाळीला धोका घरच्या गाडीच्या बाबतीत जास्त असतो. किलोमीटर भरले नाहीत म्हणून ऑइल बदलायचे नाही, हा समज अशा गाडीचे हमखास नुकसान करतो. कंपन्यांच्या पुस्तकांत किलोमीटरसोबत महिन्यांचीही मर्यादा दिलेली असते ती याचसाठी.

दुसरे कारण माणसाच्या हाताचे असते. चेंबर बसवताना सिलिकॉन सीलंट सढळ हाताने फासले जाते. बोल्ट आवळल्यावर ते बाहेर जितके येते तितकेच आतही येते, सुकते आणि त्याचे रबरी किडे तुटून ऑइलमध्ये पडतात. ऑइलमध्ये ते विरघळत नाहीत. ऑइलच्या ओढीबरोबर जाळीपाशी जातात आणि तिथेच चिकटतात. आपल्याकडच्या गॅरेजांत हात आणि सुटे भाग पुसायला वापरतात त्या कॉटन वेस्टचे धागेही असेच. एक धागा अडला की त्याच्याभोवती गाळ धरतो. इंजिन नुकतेच खोलून बांधलेले असताना काही दिवसांत ऑइलचा दाब पडला तर जाळीवर सिलिकॉन किंवा वेस्ट असण्याचा संशय सर्वांत आधी घ्यावा.

ओळख

ऑइलचा लाल दिवा लागला म्हणजे जाळीच तुंबली असे नाही. दिवा केव्हा लागतो हे नीट पाहिले तर बरेच कळते. इंजिन तापल्यावर रिकाम्या फिरण्यावर दिवा मिणमिणतो आणि रेस दिली की विझतो, तर बहुधा बेअरिंगे झिजून त्यांची फट वाढलेली असते किंवा ऑइल पातळ झालेले असते. याउलट इंजिन सुरू केल्यावर सगळे ठीक, पण रस्त्यावर काही मिनिटे वेगाने गेल्यावर दिवा लागतो आणि इंजिन बंद करून थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सगळे ठीक होते, तर संशय जाळीवर जातो. वेगाने फिरणारा पंप जास्त ऑइल मागतो, त्या ओढीने चेंबरातला गाळ जाळीकडे खेचला जाऊन तिच्यावर चिकटतो. इंजिन थांबले की ओढ संपते आणि गाळाचा थर सुटून खाली पडतो. सोबत हेडमधून टकटक येऊ लागली तर उशीर झालेला असतो, कारण ऑइलच्या वाटेत हेड शेवटी येते आणि तुटवडा तिथेच आधी जाणवतो.

दिव्याचा खटका साधारण पाव ते अर्ध्या किलोच्या दाबाला बसवलेला असतो. इंजिनाला वेगात लागणारा दाब त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणजे दिवा विझलेला आहे एवढ्यावरून दाब पुरेसा आहे असे म्हणता येत नाही. खटका काढून त्या जागी दाबमापी लावणे हाच विश्वासाचा मार्ग. हे दहा मिनिटांचे काम आहे आणि चेंबर उतरवण्याआधी ते झालेच पाहिजे. दिवा लागलेला असताना 'गॅरेजपर्यंत नेऊ' म्हणून गाडी चालवू मात्र नये. ऑइलविना बेअरिंग पकडायला काही मिनिटेही पुरतात.

बाहेरून हात पोहोचणारी जाळी

जाळी साफ करणे हे एके काळी दर ऑइल बदलाबरोबरचे नेमाचे काम होते. त्याचे सर्वांत चांगले उदाहरण जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलचे. या गाडीचे हवेने थंड होणारे चार सिलिंडरांचे इंजिन मागच्या बाजूला असते. शेवटची बीटल मेक्सिकोतल्या पुएब्ला इथल्या कारखान्यातून जुलै २००३ मध्ये बाहेर पडली, तोवर दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. त्यांतल्या बहुतेकींच्या इंजिनाला कागदी फिल्टर नव्हताच. जाळी आणि वारंवार बदललेले ताजे ऑइल एवढाच बंदोबस्त. ऑइलही फक्त अडीच लिटर, आणि इंजिन थंड ठेवण्याचा मोठा भार त्याच्यावरच.

म्हणून आखणी करणाऱ्यांनी जाळी बाहेरून काढता येईल अशी ठेवली. इंजिनाच्या पोटाखाली मधोमध एक गोल झाकण असते, सहा स्टडांवर सहा टोपीनटांनी धरलेले. बऱ्याच वर्षांच्या मॉडेलांत या झाकणाच्या मध्यभागी ऑइल सोडायचा बूच असतो. आधी ऑइल गरम असताना बूच काढून ते निथळू द्यायचे, मग दहाच्या पान्याने सहा नट सोडवायचे. झाकण आणि जाळी दोन्ही खाली येतात. जाळीच्या वर एक आणि खाली एक अशी दोन कागदी पॅकिंगे असतात, नटांखाली तांब्याचे वायसर असतात. हे सगळे दर वेळी नवे टाकायचे. जुन्या पॅकिंगचा चिकटलेला कागद बोथट पट्टीने खरवडायचा, कारण क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची, मऊ असते आणि धारदार हत्याराने तिच्यावर चरे पडतात. त्या चऱ्यांतून ऑइल पुढे कायम झिरपत राहते.

बीटलच्या जाळीच्या मध्यभागी एक भोक असते आणि पंपाची ओढनळी त्यातून आत उतरते. हे भोक नळीभोवती घट्ट बसले पाहिजे. ते सैल असेल, तर ऑइल जाळी टाळून कडेच्या फटीतून सरळ नळीत जाते आणि साफसफाईची सगळी मेहनत वाया जाते. परत बसवताना नट आवळण्याचे माप जेमतेम सात न्यूटन मीटर, म्हणजे किलो-मीटरच्या हिशेबात पाऊण किलोहूनही कमी. मनगटाच्या जोराने आवळावे, खांद्याच्या नाही. जास्त आवळल्याने झाकण वाकते, गळती वाढते, ती थांबवायला आणखी आवळले जाते आणि शेवटी स्टडच मऊ क्रँककेसमधून आट्यांसकट उपटून येतो. जुन्या बीटलच्या पोटाखालची बरीचशी गळती अशी माणसाने निर्माण केलेली असते.

त्या काळच्या छोट्या गाड्यांत फिल्टर टाळण्याचे इतरही मार्ग निघाले होते. इटलीच्या १९५७ च्या फियाट ५०० मध्ये क्रँकशाफ्टच्या टोकाच्या पुलीला आतून पोकळ ठेवले होते. त्या पोकळीत ऑइल गरगर फिरे आणि जड कण कडेला फेकले जाऊन तिथेच थापून बसत. इंजिन दुरुस्तीच्या वेळी ती पुली उघडून आतला कडक थर खरवडावा लागे.

चेंबरच्या आतली जाळी

मारुती ८०० ही आपल्या रस्त्यांवरची सर्वांत परिचित छोटी गाडी. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे हे इंजिन आजही गावोगावच्या गॅरेजांत भेटते. इथे बाहेर आट्यांवर बसणारा फिल्टर आहे, त्यामुळे जाळी चेंबरच्या आत गेली. पंप क्रँकशाफ्टच्या टोकाला, टायमिंग बेल्टच्या बाजूला बसतो. तिथून निघालेली ओढनळी चेंबरमध्ये खाली येते आणि तिच्या टोकाला जाळी असते. बाहेरून तिचा काहीच पत्ता लागत नाही. चेंबर उतरवल्याशिवाय ती दिसत नाही.

काम लहान आहे, पण घाई चालत नाही. गाडी खड्ड्यावर किंवा भक्कम स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. इंजिन जरा गरम असताना ऑइल सोडावे. त्या ऑइलकडे उजेडात पाहावे, कारण त्यात चमक दिसली तर आत काय सापडणार याची कल्पना येते. मग आड येणारा सायलेन्सरचा पुढचा पाइप आणि क्लच हाउसिंगच्या खालची पत्र्याची पट्टी काढावी. चेंबरचे बोल्ट दहाच्या पान्याचे असतात, पण बोल्ट निघाले म्हणून चेंबर सुटत नाही. सीलंटने तो चिकटलेला असतो. इथेच बहुतेक वेळा स्क्रू ड्रायव्हर घुसवून ठोकले जाते. चेंबर पत्र्याचा आहे, त्याची कड वाकली की पुढे तिथून गळणारच. पातळ पात्याने सीलंट सगळीकडून कापत यावे आणि रबरी हातोडीचे हलके ठोके द्यावेत.

चेंबर उतरला की आधी त्याच्या तळाकडे पाहावे. रस्त्यावरच्या दगडाने किंवा उंच गतिरोधकाने चेंबरला बाहेरून पोचा पडला असेल, तर आतून तळ वर आलेला असतो. जाळी आणि तळ यांच्यात मुळात जागा थोडी. ती पोच्याने बुजली तर जाळी स्वच्छ असूनही पंपाला ऑइल मिळत नाही. आपल्या रस्त्यांवर हे कारण गाळाइतकेच सामान्य आहे आणि ते ध्यानात न आल्याने पंप उगाच बदलले जातात.

जाळीची नळी थोड्या बोल्टांनी धरलेली असते आणि पंपाला जिथे लागते तिथे रबराची ओरिंग असते. ही ओरिंग म्हणजे या सगळ्या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. वर्षानुवर्षे गरम ऑइलमध्ये राहून ती कडक आणि चपटी होते. मग पंप जाळीतून घट्ट ऑइल ओढण्याऐवजी त्या फटीतून हवा ओढतो. ऑइलला फेस येतो, दाब पडतो किंवा इंजिन सुरू केल्यावर दिवा बराच वेळ विझत नाही. ओरिंग नवी टाकावी, बसवण्यापूर्वी तिला ऑइल लावावे आणि ती मुडपली नाही हे बोटाने चाचपून पाहावे.

धुणे आणि वाचणे

जाळी धुण्याआधी तिच्यावर जे जमले आहे ते पांढऱ्या कागदावर काढून घ्यावे. इंजिनाच्या आतल्या झिजेचा इतका थेट पुरावा दुसरीकडे कुठे मिळत नाही, म्हणून ही पायरी कोणीही चुकवू नये. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे असतात, म्हणजे दाते, कॅम किंवा रिंगांकडे बोट जाते. चुंबकाला न चिकटणारी हलकी, पांढरट चमक ॲल्युमिनियमची, बहुधा पिस्टनची. तांबूस पिवळे कण दिसले तर बेअरिंगचा वरचा मऊ थर संपून खालचा तांब्याचा थर झिजू लागला आहे. अशा वेळी जाळी धुऊन गाडी परत देणे म्हणजे मालकाची फसवणूकच. काळे, ठिसूळ, बोटांत भरडले जाणारे तुकडे कार्बनचे, आणि ताणले जाणारे रबरी धागे सीलंटचे.

धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. गाळ कडक असेल तर जाळी रात्रभर भिजत ठेवावी. तारेचा ब्रश टाळावा, कारण त्याच्या तुटलेल्या तारा जाळीतच अडकतात. हवा मारायची ती आतून बाहेर, म्हणजे कण आले त्याच वाटेने परत जातात. नंतर उजेडासमोर धरून प्रत्येक छिद्र पाहावे. जाळी फाटली असेल, चेपली असेल किंवा धुऊनही उजेड दिसत नसेल तर नवी घ्यावी. तिची किंमत इंजिनाच्या मानाने नगण्य असते. चेंबर आतून धुऊन धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावा. वेस्ट इथे नकोच.

बसवताना दोन्ही कडा तेलविरहित कराव्यात, सीलंटची बारीक सलग रेघ बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवावी आणि बोल्ट मधून कडांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, साधारण एक किलो-मीटरने आवळावेत. सीलंटच्या पुडक्यावर दिलेला वेळ जाऊ द्यावा, मगच ऑइल भरावे. नवा फिल्टर लावावा. पहिल्या खेपेला इंजिन लगेच सुरू करू नये. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत इग्निशन कॉइलची मुख्य वायर काढून ती बॉडीला टेकवावी, इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंपाचा फ्यूज काढावा, आणि स्टार्टरने थोडे थोडे फिरवावे. दिवा विझला म्हणजे पंपाने ऑइल धरले. त्यानंतर इंजिन चालू करून गळती पाहावी आणि डिपस्टिकवर पातळी तपासावी. काढलेले जुने ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये. २०१६ च्या घातक कचऱ्यासंबंधीच्या केंद्रीय नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे.

चेंबर न उतरवता बाटलीतले फ्लशिंग ऑइल घालून गाळ काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. गाळ थोडा असेल तर ते चालते. बराच गाळ असलेल्या जुन्या इंजिनात मात्र हा उपाय घातक ठरतो. भिंतींना वर्षानुवर्षे चिकटून बसलेला थर एकदम सुटतो, पण तो सगळा विरघळत नाही. त्याचे पापुद्रे चेंबरमध्ये उतरतात आणि थेट जाळीवर जाऊन बसतात. सकाळी फ्लशिंग आणि दुपारी जाम झालेले इंजिन, असे प्रकार यातूनच घडतात. अशा गाडीत आधी चेंबर उतरवावा, हाताने गाळ काढावा, जाळी धुवावी आणि नंतर दोन-तीन वेळा हजार-दीड हजार किलोमीटरवर ऑइल बदलावे.

जाळी गेली काही वर्षे पुन्हा चर्चेत आली आहे ती नव्या छोट्या इंजिनांमुळे. फोर्डचे एक लिटरचे इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचे १.२ लिटरचे प्युअरटेक या तीन सिलिंडरांच्या इंजिनांत टायमिंग बेल्ट इंजिनाच्या आत, ऑइलमध्ये भिजून फिरेल असा बसवला गेला. घर्षण आणि आवाज कमी व्हावा हा हेतू होता. न जळलेले पेट्रोल मिसळलेल्या ऑइलमध्ये बेल्टचे रबर फुगते, त्याचे कण सुटतात आणि जाळीवर जमतात. प्युअरटेकच्या या तक्रारींनंतर कंपनीला २०२४ मध्ये युरोपात वॉरंटी दहा वर्षे किंवा पावणेदोन लाख किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली. पुढच्या आवृत्तीत बेल्टच्या जागी साखळी आली. इकोबूस्टचे हे इंजिन आपल्याकडे २०१३ पासून काही वर्षे इकोस्पोर्टमध्ये विकले गेले आणि त्या गाड्या आता वापरलेल्या मोटारींच्या बाजारात आहेत. अशी गाडी घेणाऱ्याने पुस्तकात सांगितलेलेच ऑइल वेळेवर भरल्याच्या पावत्या मागाव्यात, आणि पावत्या नसतील तर सौदा करण्यापूर्वी स्वतःच्या खर्चाने का होईना, चेंबर उतरवून जाळी पाहून घ्यावी.